रांजणवाडी : घरचा शेक आणि दवाखान्यातील उपचार

पापणीच्या कडेला एकाएकी उठणाऱ्या लाल, ठणकणाऱ्या फोडाला मराठीत रांजणवाडी म्हणतात. बदलीच्या निमित्ताने चंडीगडला आलेल्या मराठी कुटुंबास तेथे हिच्यासाठी ‘गुहेरी’ किंवा पंजाबीतील ‘गुहांजणी’ हे शब्द ऐकावयास मिळतील. नावे वेगळी असली, तरी सहाणेवर लवंग उगाळून लावण्याचा उपाय दोन्हीकडे ठाऊक आहे. आपल्याकडे खारकेची बीही उगाळली जाते.

पापणीच्या केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींत बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा संसर्ग होऊन रांजणवाडी येते. न दुखणारी, हळूहळू वाढणारी टणक गाठ हा निराळा विकार असून त्यास कॅलेझियन म्हणतात. वरच्या पापणीत सुमारे २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० तैलग्रंथी असतात. त्यांपैकी एखादीचे तोंड बुजले की आत तेल साचते व गाठ तयार होते. हा भेद आपल्या प्राचीन वैद्यकासही अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे २१ विकार सांगितले असून, त्यांत दाह करणारी तांबूस ‘अंजननामिका’ आणि न पिकणारी, वेदनारहित ‘लगण’ यांची वर्णने स्वतंत्र आहेत.

घरगुती उपायांपैकी निःशंकपणे करावा असा उपाय एकच, तो म्हणजे कोमट शेक. उष्णतेने साचलेले तेल पातळ होते व ग्रंथीचे तोंड मोकळे होण्यास मदत होते. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून व पिळून, मिटलेल्या डोळ्यावर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. कापड निवताच पुन्हा गरम करावे. दिवसातून तीन-चार वेळा असे केल्यास रांजणवाडी बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत बरी होते. लवंगेतील युजेनॉल बुबुळाला झोंबते, म्हणून तो लेप टाळलेलाच बरा. फोड पिळू नये. सुश्रुतानेही शेकानंतर तो फोडण्याचे काम वैद्याकडेच सोपविले आहे. काजळ, सुरमा आणि कॉन्टॅक्ट लेन्स तेवढ्या काळापुरत्या बाजूला ठेवाव्यात.

औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडयुक्त थेंब आणणे मात्र घातक ठरू शकते. त्यांच्या दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होण्याचा धोका असतो.

शेक देऊनही महिनाभरात न विरणाऱ्या कॅलेझियनवर डॉक्टर ट्रायअ‍ॅम्सिनोलोनचे इंजेक्शन देतात. सावळ्या त्वचेवर त्याने फिकट डाग पडू शकतो. दुसरा मार्ग छोट्या शस्त्रक्रियेचा. भूल देऊन पापणी उलटतात व आतील बाजूने छेद घेऊन गाठ खरवडून काढतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. वारंवार रांजणवाडी येत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. सूज पापणीभर पसरून ताप येणे, दिसणे कमी होणे, डोळा हलविताना दुखणे किंवा तो पुढे आल्यासारखा वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

साध्या रांजणवाडीसाठी चंडीगडच्या पीजीआयमधील अ‍ॅडव्हान्स्ड आय सेंटरच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. जवळचा नेत्रतज्ज्ञ पुरेसा आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीरमधून गुंतागुंतीचे रुग्ण पाठविले जातात. पापणीची एक गाठ मात्र अशी आहे की जिच्यासाठी मोठ्या रुग्णालयाची वाट धरावीच लागते. उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी, किंवा जिच्यावरील पापणीचे केस गळले आहेत अशी गाठ तैलग्रंथींचा कर्करोग असू शकते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात पापणीच्या कर्करोगांत याचे प्रमाण अधिक आहे आणि प्रारंभी तो हुबेहूब कॅलेझियनसारखा दिसतो. त्यामुळे अशी गाठ काढल्यावर तो तुकडा पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठविला आहे की नाही, हे रुग्णाने स्वतः विचारावे आणि अहवाल जपून ठेवावा.