दलित स्त्रीशिक्षण व त्याचे संशोधन (नागपूर)

नागपूर व परिसरातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलींच्या शिक्षणासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेले प्रयत्न, तसेच ते प्रयत्न नोंदवून ठेवणारे पुढील काळातील लेखन. शाळा वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी काढल्या आणि त्यांचा इतिहास मुख्यतः त्याच समाजातील लेखक-लेखिकांनी जमवला. ज्यांच्या शिक्षणाचा अभ्यास करायचा त्यांनाच संशोधक म्हणून स्थान मिळाले, तर माहितीत किती भर पडते हे नागपूरच्या उदाहरणावरून दिसते.

पार्श्वभूमी : स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. एतद्देशीय प्रयत्नांत किसन फागूजी बनसोड (१८७९–१९४६) हे अग्रणी होत. मोहपा येथे जन्मलेल्या बनसोड यांनी १९०३ मध्ये सन्मार्गबोधक निराश्रित समाज स्थापला, १९०७ मध्ये मुलींसाठी चोखामेळा शाळा सुरू केली आणि १९१० मध्ये स्वतःचा छापखाना काढला. निराश्रित हिंद नागरिक, विटाळ विध्वंसक, मजूर पत्रिका व चोखामेळा ही पत्रे त्यांनी चालवली. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले.

जाईबाई चौधरी : जन्म १८९२, उमरेड. दुष्काळामुळे १८९६ च्या सुमारास कुटुंब नागपुरात आले. १९०१ मध्ये बापूजी चौधरी यांच्याशी विवाह झाला. पोटासाठी त्या नागपूर–कामठी मार्गावर ओझी वाहत. त्या हमालीच्या दिवसांत ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंशी त्यांची ओळख झाली. या बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर शिक्षिका झाल्या. महार बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली; जाईबाईंची नोकरी गेली.

पुढे त्यांनी स्वतःची संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. स्थापनेचे साल बहुधा १९२२ असे दिले जाते. १९२४ असाही उल्लेख आढळतो. मुली मिळवण्यासाठी वस्तीत घरोघर फिरावे लागे, कारण मुलगी शाळेत गेली की घरातली धाकटी भावंडे, पाणी आणि सरपण कोण पाहणार, हा आईबापांपुढचा खरा प्रश्न होता. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. तेथे भोजनाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. त्याचा निषेध करण्यासाठी १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेतली. शाळा चालवणाऱ्या स्त्रीलाही सुधारणावादी पंगतीत जागा नसावी, ही त्या काळच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासातील गंभीर नोंद आहे.

परिषदा : ऑगस्ट १९३० मध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेबरोबर नागपुरात स्त्रियांचीही परिषद झाली. २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेस हजारो स्त्रिया आल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी आणि कामगार स्त्रियांना रजा या ठरावांबरोबरच मुलींसाठी सरकारी वसतिगृहांची मागणीही परिषदेने केली.

संशोधन व नोंदी : वरील माहितीचा मोठा भाग ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथामुळे उपलब्ध झाला. दोघींनी जुन्या नियतकालिकांतील वृत्तांत धुंडाळले आणि चळवळीतील वयोवृद्ध स्त्रियांना भेटून त्यांच्या मुलाखती घेतल्या. अनेकींच्या बाबतीत दुसरे साधन शिल्लकच नव्हते. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये निघाला. वसंत मून (१९३२–२००२) यांच्या वस्ती या आत्मकथनात सीताबर्डीच्या महारपुऱ्यातील शिक्षणाचे आतून घडलेले दर्शन आहे. गेल ऑम्व्हेट यांचा इंग्रजी अनुवाद २००१ चा. दलित स्त्रियांच्या शिक्षणावर शैलजा पाईक यांनी पुणे-मुंबईतील स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली.

मूल्यमापन : शाळेच्या दाखलपटावरून मुलगी कधी आली आणि कधी गेली एवढे समजते, ती का गेली हे तिने किंवा तिच्या शेजारणीने सांगितल्यावाचून समजत नाही. मौखिक साक्षीत साल-तारखांचे घोळ असतात, म्हणून त्या छापील वृत्तांतांशी पडताळून घ्याव्या लागतात. पवार-मून यांनी दोन्ही साधने शेजारी ठेवली, हे त्यांच्या कामाचे मोठेपण. मात्र नागपूरविषयीच्या या नोंदींत महार समाजातील कार्यकर्त्या अधिक दिसतात. मांग, मेहतर, गोंड व पारधी मुलींच्या शिक्षणाचाही इतक्याच निगुतीने अभ्यास व्हायला हवा. तो त्या त्या समाजातील तरुणींच्या हातून आणि त्यांच्या बोलीत व्हायला हवा. त्यासाठी अधिछात्रवृत्ती वेळेवर आणि पूर्ण मिळणे ही पहिली अट आहे. पोटाची सोय नसेल तर अशा घरातली मुलगी चार-पाच वर्षे संशोधनात घालवू शकत नाही. मुलाखती देणाऱ्या पिढीचे वय पाहता या कामात दिरंगाई परवडणारी नाही.