मुंबई उत्तरेकडे सरकते

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागातील एका रोग्यास तपासण्यासाठी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस गेले. हे गृहस्थ मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. मुंबईत वैद्यकी करीत आणि नगराच्या कारभारातही लक्ष घालीत. त्यांनी निदान केले ते गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे. पुढील काही महिन्यांत लक्षावधी माणसे शहर सोडून पळाली. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली वस्ती १९०१ साली पावणेआठ लाखांवर आली. प्लेगने मुंबईचे एक गुपित उघडे केले. हे शहर माणसांना काम देत होते, परंतु घर देत नव्हते.

बेटाची घडणच तशी होती. तीन बाजूंनी समुद्र, गोदी आणि गिरण्या बेटाच्याच पोटात, आणि मजुराला पायी कामावर जावयाचे असल्याने त्याचे बिऱ्हाड गिरणीजवळच हवे. त्यामुळे चाळीवर मजले चढले आणि चाळीला चाळ भिडली. मधल्या बोळात ऊनही पडेना. १९२१ साली मुंबईतील दर शंभर माणसांपैकी चौऱ्याऐंशी माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. एवढे पाहुणे ज्या घरी येतात, तेथे ओसरीही अपुरी पडावयाचीच.

सरकारने १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट हे रुंद रस्ते काढले. रस्ते सुरेख झाले. परंतु त्यांच्यासाठी जी घरे पाडली, त्यांतील गरीब भाडेकरू पलीकडच्या गल्लीत जाऊन आधीच भरलेल्या खोल्यांत आणखी दाटीने राहू लागला. रोग हलला, बरा झाला नाही. ट्रस्टचे खरे दूरदर्शी काम दादर-माटुंग्याचे. तेथील शेतजमिनीवर आखलेले रस्ते, बागा व सोडलेल्या मोकळ्या जागा आजही डोळ्यांना सुखावतात. मात्र ती घरे कारकून, शिक्षक, वकील यांच्या आवाक्यातली होती, हमालाच्या नव्हे.

हमाल-गिरणीकामगारांसाठी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी, म्हणजे सोळा हजारांहून थोड्या अधिक खोल्या उभ्या राहिल्या. प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढी निकड असूनही त्यांतील पुष्कळ खोल्या प्रारंभी रिकाम्या पडल्या. भाडे मजुराला झेपेना आणि वरळी तेव्हा आडबाजूला. कागदावर घरांची टंचाई मोजताना भाडेकरूचा खिसा आणि त्याची पायपीट मोजावयाची राहून गेली, असेच म्हणावे लागेल. पुढे सविनय कायदेभंगाच्या दिवसांत यांतल्या काही चाळी सत्याग्रहींना कोंडण्यासाठी वापरल्या गेल्या. वरळीच्या याच चाळींतील पहिल्या काही कुटुंबांना नव्या उंच इमारतींत घरे मिळाली ती २०२५ साली.

दरम्यान माणसांनी आपली सोय आपणच लावली होती. रत्नागिरीकडील गाववाले एक गाळा भाड्याने घेऊन त्यात पाळीपाळीने झोपत. गोव्याहून आलेल्यांनी धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या 'कुडी' काढल्या. बोटीवरून उतरलेला खलाशी आपल्या गावाच्या कुडीत येई, भिंतीकडेला आपली पेटी ठेवी, वेदीपुढे सर्वांबरोबर संध्याकाळची प्रार्थना म्हणे आणि पुढची बोट मिळेपर्यंत तेथेच अंथरूण टाकी. घर नव्हे, पण घराची आठवण खास. कारवारकडील सारस्वतांनी १९१५ साली गावदेवीत सहकारी गृहसंस्था काढली आणि पगारदार माणूस एकजुटीने घर बांधू शकतो हे दाखविले. त्याच मार्गाने १९१८ साली वांद्र्यास साष्टीच्या कॅथलिकांची गृहसंस्था उभी राहिली.

वांद्रे म्हणजे माहीमची खाडी ओलांडली. ही खाडी १८४५ सालीच बांधाने जोडली गेली होती. सर जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी त्या कामी दीड लाखावर रुपये दिले होते. तथापि साष्टीचे दार सताड उघडले ते विजेच्या गाडीने. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला, १९२८ साली कुलाबा ते बोरिवली आणि १९३६ साली विरारपर्यंत ही गाडी धावू लागली. आता बिऱ्हाड कामाजवळ असण्याचे कारण उरले नाही.

पुढील हकिकत वेगाने घडली. १९४१ साली सुमारे पंधरा लाख वस्तीचे बेट १९५१ साली तेवीस लाखांवर गेले. युद्धकाळातील रोजगार आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित, दोन्ही एकाच दशकात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. राहत्या भाडेकरूला त्याने तारले, यात शंका नाही. पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात धनिकाला रस उरला नाही, आणि जुन्या चाळीची डागडुजीही थांबली. नव्याने येणाऱ्याला मग झोपडी किंवा दूरचे उपनगर. शहराची हद्द १९५० साली अंधेरीपलीकडे गेली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली.

ही उपनगरे ओसाड माळावर वसली असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. साष्टीत राणवार, चिंबई, पाली, चकाला, मरोळ, अंबोली अशी जुनी गावे होती. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी ही माणसे भातशेती, मासेमारी, मिठागरे यांवर जगत आणि घरात मराठीच बोलत. शेते विकली गेली किंवा सरकारी कामासाठी संपादन झाली. गावठाण तेवढे उरले. उंच जोत्याची, लाकडी सज्जाची, बाहेरून जिना असलेली ती घरे आता इमारतींच्या वेढ्यात दिसतात. कोंढिविट्याचे सोळाव्या शतकातील चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडले आणि गावकरी मरोळला गेले. त्याचे भग्नावशेष आज १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात उद्योगक्षेत्राच्या कुंपणाआत आहेत. मे महिन्यात एका रविवारी तेथे उपासना होते; त्या दिवशी जुन्या गावाची नातवंडे फाटकातून आत जातात.

साष्टीही भरली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बेटावरील वस्ती ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. उपनगर जिल्हा ९३ लाखांवर पोचला. आणि त्यावेळचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. वसईची खाडी ओलांडून लोंढा केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत शिरला. १९८० च्या दशकाअखेर वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'चे आंदोलन उभारले. आंदोलनाने वाड्यांचा मोठा भाग पुष्कळ काळ राखला. तरी गावोगावची 'बावखले' बुजू लागली. घराच्या जोत्यासाठी माती काढून झालेली ही तळी पावसाचे पाणी धरीत, विहिरींना झरा देत आणि समुद्राचे खारेपण दूर ठेवीत. त्यांच्या जागी इमारती आल्या. २००९ साली वसई-विरारची महानगरपालिका झाली, २०११ साली तिची वस्ती सव्वाबारा लाखांच्या घरात होती, आणि जुलै २०१८ च्या पावसात तेथील नव्या वसाहतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या गाड्याही रुळांवर उभ्या होत्या.