शिक्क्याचा भरवसा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या धाकट्या बहिणीने मोबाईलवरच्या एका दुकानातून पैठणी मागविली. पैसे आधी भरले. पैठणी काही आली नाही. मी रागावलो, तेव्हा डोळे पुसत ती एवढेच म्हणाली, "दादा, खाली हिरवा शिक्का होता. 'शंभर टक्के सुरक्षित' असं लिहिलं होतं त्याच्यावर."

तिला काय बोलणार? आमच्या हिंगोलीत याहून मोठी माणसे कागदाच्या भरवशावर फसली आहेत.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी येथे निजामाच्या फौजेची छावणी होती. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत मेडोज टेलरने तेथली एक हकीकत दिली आहे. हरिसिंग हा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार. मुंबईहून कापड आणावयाचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. कापड होते दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे! त्याला नोकरचाकरांसह ठार करून हरिसिंगाने तो माल परवान्याच्या जोरावर छावणीत आणला आणि उजळ माथ्याने विकला. प्रतिष्ठित व्यापारी तो, पण होता ठगांचा म्होरक्या. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली नसती, तर हे कधीच उघडकीस आले नसते.

वाचकहो, परवाना खोटा नव्हता. फक्त माल कोणाचा, हे कोणी तपासले नव्हते.

आजही तेच चालते. अमेरिकेतील 'ट्रस्ट-ई' ही कंपनी संकेतस्थळांना 'येथे तुमची खासगी माहिती जपली जाते' अशा अर्थाचा शिक्का देत असे. आपण दरवर्षी फेरतपासणी करतो, असेही सांगे. २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ती तपासणी झालीच नाही, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०१४ साली कंपनीने २ लाख डॉलर देण्याचे कबूल करून प्रकरण मिटविले. लोक मात्र शिक्का पाहून निर्धास्त राहिले होते.

म्हणून शिक्का दिसला की दोन प्रश्न विचारावेत : हा दिला कोणी, आणि देण्यापूर्वी त्याने पाहिले काय?

यंदाची पैठणी आम्ही बाजारातून आणली. बहिणीने दुकानदाराला पदर तीनदा उलगडावयास लावला. तो कंटाळला. मी मात्र तिला एका शब्दाने अडविले नाही.