खानदेशच्या गाण्यांतील दारू

आजच्या भाषणाचा विषय कांहींसा अप्रिय आहे. गाणें म्हटलें कीं आपणांस पहाटेची भूपाळी, जात्यावरची ओवी किंवा नाट्यगृहांत ऐकलेलें एखादें पद आठवतें. व्यसनाचें गाणें आठवलेंच, तर तें बहुधा हंसण्यासाठीं किंवा उपदेशासाठीं. परंतु व्यसनाविषयींचीं गाणीं हींसुद्धां इतिहासाचीं साधनें आहेत. बखरींत ज्याला जागा मिळत नाहीं आणि आबकारीच्या हिशेबांत ज्याचा केवळ आंकडा उरतो, तें कित्येकदां या गाण्यांनीं जपून ठेविलेलें असतें. मात्र साधन हातीं आलें म्हणजे इतिहास हातीं आला, असें नव्हे. या गाण्यांचा अर्थ लावतांना आपण सुशिक्षित मंडळींनीं एक मोठी चूक केली आहे, आणि तिची झळ आपणांस न लागतां गाणाऱ्यांना लागली आहे. ती चूक कोणती, हें खानदेशांतील कांहीं उदाहरणांवरून पाहावें, असा माझा आज हेतु आहे.

खानदेश म्हणजे तापीच्या दोहों बाजूंचा मुलूख. इंग्रजी अमलांतील एकच खानदेश जिल्हा १९०६ सालीं पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव झालें, पश्चिमेचें धुळें. पुढें १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. खालीं काळी कापसाची जमीन आणि वर उत्तरेला सातपुड्याच्या रांगा. अहिराणी, लेवा पाटीदारांची बोली, भिल्ली, पावरी, उर्दू, गुजराथी आणि शाळेंतली मराठी, अशा किती तरी जिभांनीं हा मुलूख बोलतो आणि गातो. तेव्हां येथील गाण्यांत 'दारू' हा शब्द आला, तर तो कोणत्या जिभेवरून आला, हें पाहिल्याखेरीज पुढें जातां येत नाहीं.

शब्द म्हणजे अर्थ नव्हे, हा पहिला धडा खानदेशचाच इतिहास देतो. १३८२ पासून १६०१ पर्यंत या मुलखावर फारुकी घराण्याचें राज्य होतें. थाळनेर, असीरगड आणि बऱ्हाणपूर हीं त्यांचीं मोठीं स्थानें, आणि बऱ्हाणपूर हें सूफी साधूंचें आवडतें शहर. सूफी काव्यांत प्याला, साकी आणि मस्ती यांना तोटा नाहीं. पण तो प्याला ईश्वरप्रेमाचा आहे, हें कोणा जाणत्याला सांगावें लागत नाहीं. माधव जूलियन यांनीं उमर खय्यामच्या रुबाया मराठींत आणल्या, तेव्हां त्यांवरून कोणी कवीच्या घरचा आबकारी तपास केला नाहीं. लिहिणारा सुशिक्षित असला, कीं गाण्यांतली दारू आपण रूपक समजतों. हीच सवलत सातपुड्यांतल्या गाण्याला द्यावी, असें मात्र आपल्या मनांत येत नाहीं. माझ्या मतें चुकीचें मूळ येथें आहे.

सातपुड्यांतील भिल्ल आणि पावरा समाजांच्या जीवनांत मोहाचें झाड हें अर्धें शेतच आहे. चैत्राच्या सुमारास रात्रीं फुलें गळतात, आणि भल्या पहाटे बायकामुलें टोपल्या घेऊन तीं वेंचावयास जातात. फुलें वाळवून साठवितात. टंचाईच्या दिवसांत तीं खातातहि. त्यांतलींच कांहीं भिजवून आंबवितात आणि मडक्यांत तापवून त्यांची दारू काढतात. सोयरीक ठरली, लग्न लागलें, पीक घरांत आलें, घरचें माणूस गेलें, कीं हें मडकें पुढें येतें. आधीं धरणीवर पूर्वजांच्या नांवानें धार सोडावयाची आणि मग इतरांनीं घ्यावयाची, अशी रीति आहे. या प्रसंगांच्या गाण्यांत दारूचा उल्लेख आला, तर तो पाहुण्याच्या मानाचा, दिलेल्या शब्दाचा आणि गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणाचा उल्लेख असतो. आपल्याकडील लग्नाच्या गाण्यांत पानसुपारी येते, म्हणून कोणी आपल्याला सुपारीचे व्यसनी म्हणत नाहीं.

पण १८१८ सालीं पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारकडे गेला, तेव्हां नव्या अंमलदारांना डोंगरांतला माणूस समजून घ्यावयाचा नव्हता. त्याला ताब्यांत आणावयाचा होता. १८२५ सालीं धरणगांवास जेम्स औट्रम या अधिकाऱ्यानें भिल्ल पलटण उभारली, ती याच धोरणानें. त्या काळच्या इंग्रजी लिखाणांत भिल्ल म्हणजे लुटारू, आळशी आणि दारूबाज, असें चित्र वारंवार येतें. तें चित्र पुढें आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि आपल्या घरांतल्या बोलण्यांतहि उतरलें. ढोल वाजतो, गाणें चालतें, गाण्यांत दारू आहे, तेव्हां ही माणसें सदाचींच झिंगलेलीं, असा अर्थ आपण दुरून ऐकून लावला. गाण्याचा प्रसंग काय, हें विचारण्याची तसदी घेतली नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे, कीं दारूनें डोंगरांत घरें बुडविलीं नाहींत. बुडविलीं, आणि पुष्कळ बुडविलीं. परंतु तें कसें घडलें, हें कळण्यास १८७८ चा मुंबई आबकारी कायदा ध्यानांत घ्यावा लागतो. या कायद्यानें दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारी परवान्याचा पूर्ण ताबा आला. घरच्या मडक्यांत काढलेली दारू गुन्हा ठरली, आणि परवान्याच्या दुकानांतली दारू सरकारी उत्पन्न ठरली. मुंबई इलाख्याच्या तिजोरींत आबकारीचा वांटा मोठा होता. जी वस्तु सणाला, हातची आणि सर्वांनीं मिळून घ्यावयाची होती, ती आतां रोज, रोखीनें किंवा उधारीनें, एकट्यानें घेण्याची झाली. उधारी वाढली म्हणजे सावकार आला, आणि सावकार आला म्हणजे जमीन गेली. गाण्यांतला शब्द तोच राहिला. त्याच्या मागची दारू मात्र बदलली. म्हणून या गाण्यांपैकीं एखादें हातीं आलें, तर तें या कायद्याच्या अलीकडचें कीं पलीकडचें, हा प्रश्न त्याच्या चालीइतकाच महत्त्वाचा आहे.

आतां क्षणभर आपल्या स्वतःच्या घराकडे वळूं. मद्यपानाचा विषय मराठी रंगभूमीवर गाजला तो राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकानें. गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले आणि नाटक त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचलीं, आणि सिंधूची भूमिका बालगंधर्वांनीं केली. या नाटकांतली गाण्यांची वांटणी पाहण्यासारखी आहे. सुधाकर हा बुद्धिमान वकील पितो आणि बुडतो; तळीराम पितो आणि हंसवितो; पण प्रेक्षकांच्या कानांत राहिलीं तीं सिंधूचीं पदें. प्यालेल्या पुरुषाचें दुःख मराठी मध्यमवर्गानें न प्यालेल्या स्त्रीच्या गळ्यांतून ऐकलें. तिच्या शोकाला आपण 'वन्स मोअर' दिला, अलंकार मोजले, आणि डोळे पुसून घरीं आलों. सुधाकराला कोणी त्याच्या जातीवरून किंवा मुलखावरून दारूबाज ठरविलें नाहीं. तो एक दुर्दैवी माणूस ठरला. मला वाटतें, हा न्याय योग्यच आहे. फक्त तो सर्वांना मिळावयास हवा होता.

डोंगरांतल्या माणसांनीं मात्र आपला न्याय आपणच करावयास घेतला. १९२२ सालीं किनाऱ्याकडील पालघर भागांतून एक विलक्षण लाट उठली. अंगांत आलेल्या माणसाच्या तोंडून देवी बोलूं लागली, कीं दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. ही लाट घाट चढून आली, सुरत जिल्ह्यांत पोंचली आणि पश्चिम खानदेशच्या हद्दीलाहि भिडली. कोणी पुढारी सांगावयास गेला नव्हता. १९३० च्या सत्याग्रहांत दारूच्या दुकानांवर निरोधन करावें, असें महात्मा गांधींनीं विशेषतः स्त्रियांना सांगितलें, तेव्हां शहरांतल्या प्रभातफेऱ्यांच्या गाण्यांतहि दारू आली. पण त्या गाण्यांत ती परक्या सरकारचें उत्पन्न म्हणून आली.

आणि मग १९३७-३८ सालीं तळोदें तालुक्यांतील मोरवड येथें गुलाम महाराज नांवाचे एक आदिवासी संत उभे राहिले. त्यांच्या आरतीला हजारों माणसें डोंगर उतरून जमूं लागलीं. दारू सोडावयाची, शुचिर्भूत राहावयाचें, आणि एकमेकांना भेटतांना 'आप की जय' म्हणावयाचें, हा त्यांचा मार्ग. ते १९३८ सालींच वारले. पुढें त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य चालविलें. या आरतीचा अर्थ 'दारू वाईट आहे' एवढाच घेतला, तर आपण पुन्हां फसलों. 'आप' हें आदरार्थी सर्वनाम आहे. ज्या माणसाला अंमलदार, सावकार आणि जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या 'अरे' म्हणून हांक मारीत आले, त्यानें आपल्या शेजाऱ्याला 'आप' म्हणावयास प्रारंभ केला. दारू सोडणें हें त्या मानाचें एक अंग होतें. व्यसनमुक्तीच्या या आरतींत खरा शब्द दारू हा नसून 'आप' हा आहे, असें मी मानतों.

शेवटचें उदाहरण शहाद्याचें. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, तरी चोरट्या भट्ट्या गेल्या नाहींत. शहादें तालुक्यांत अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकारानें भिल्ल सालदार आणि मजूर जागे झाले, व १९७२ सालीं श्रमिक संघटना स्थापन झाली. तिच्या शिबिरांत स्त्रिया बोलूं लागल्या. मजुरीचा प्रश्न निघाला, तसा नवऱ्याच्या दारूचा आणि माराचाहि निघाला. आणि बायका नुसत्या बोलून थांबल्या नाहींत. गटागटानें जाऊन त्यांनीं दारूचीं मडकीं फोडलीं, आणि बायकोला मारणाऱ्यास चारचौघांत जाब विचारला.

या स्त्रियांच्या आवाजाचें महत्त्व कळावें, म्हणून जात्यावरची ओवी आठवा. तेथें स्त्री पहाटे एकटी गाते. आईला सांगते, भावाला सांगते, विठ्ठलाला सांगते. नवऱ्याचें नांव घ्यावयाची तर रीतच नाहीं. दुःख आहे, पण त्याचें कारण आडून यावयाचें. तें गाणेंहि कागदावर उतरतें, तें कोणी जवळचें माणूस ऐकत असेल तर. जळगांवाजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचीं गाणीं मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनीं टिपून ठेविलीं, म्हणून १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें आपल्या हातीं आलीं. तोंवर बहिणाबाई निवर्तल्या होत्या. ज्यांच्या घरीं टिपणारें कोणी नव्हतें, त्यांचीं गाणीं जात्याबरोबर थांबलीं. शहाद्याच्या स्त्रियांनीं जें केलें, त्यांत हें एकट्याचें गाऱ्हाणें रस्त्यावर आलें आणि अनेकींचें झालें. ज्या मडक्याला आजी धार सोडण्यासाठीं हात लावीत होती, तेंच मडकें नातीनें फोडलें. दोघींत विरोध आहे, असें मला वाटत नाहीं. आजीचें मडकें घराचें होतें. नातीनें फोडलें तें धंद्याचें होतें.

तेव्हां, श्रोतेहो, नशेचें गाणें कानीं आलें, तर अर्थ लावण्याआधीं तीन प्रश्न विचारावे. गाणारा कोण, आणि तो कोणत्या प्रसंगीं गातो आहे? तें तो कोणाला ऐकवितो आहे? आणि गाण्यांतल्या दारूचा पैसा शेवटीं कोणाच्या पेटींत पडतो? पहिला प्रश्न आपणांस रूपक आणि वस्तु यांतला भेद दाखवील. दुसरा प्रश्न गाऱ्हाणें आणि बढाई निराळीं करील. तिसरा प्रश्न गाण्यांत ज्याचें नांव कधीं येत नाहीं, त्याच्या दारापर्यंत नेईल. आणि इतिहासाच्या अभ्यासकानें जावयाचें तें तेथेंच.

आज आपल्या घरांतलीं मुलें जीं नवीं गाणीं ऐकतात, त्यांतहि नशा आहे. ती कधीं मिरविली जाते, कधीं तिच्याविषयीं रडलें जातें. तीं गाणीं कानीं पडतांच आपण रागावतों आणि बंद करावयास सांगतों. त्याऐवजीं मुलाला जवळ बसवून हेच तीन प्रश्न त्याच्यासह विचारून पाहावे. सातपुड्यांतल्या माणसाचें गाणें आपण दुरून ऐकलें आणि त्याच्यावर एक शिक्का मारला. तो पुसावयास शंभर-सव्वाशें वर्षेंहि पुरलीं नाहींत. घरच्या मुलाच्या बाबतींत तरी ती घाई आपण करूं नये.