आपल्या टीमला आपणच बोलावं का?

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. आमच्या वयात रात्रीचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं. पण फोन बहिणीच्या नातवाचा होता. तो कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे.

"नाना, झोपले होते का तुम्ही?"

मी म्हटलं, "आता जागा झालोय, बोल."

प्रकरण फुटबॉलचं निघालं. आपल्याकडे नंदुरबार-शहाद्याकडे फुटबॉल म्हणजे शाळेच्या पी.टी.च्या तासाला काढायचा आणि तास संपला की कपाटात ठेवायचा चेंडू. कोल्हापुरात तसं नाही. तिथे पेठापेठांच्या तालमींच्या टीम आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम असणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. छत्रपती शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात म्हणे. आमचा हा खानदेशी पोरगा तीन वर्षांत त्यातल्या एका टीमचा पक्का समर्थक झालाय. कोणत्या ते लिहीत नाही, उगाच भांडण नको.

तर झालं असं, की तिथल्या एका रेडिओ कार्यक्रमात एका श्रोत्यानं फोन करून याच टीमवर टीका केली. श्रोता त्याच पेठेतला, वयस्कर. तो म्हणाला, बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू पैसे देऊन आणता आणि पेठेतली पोरं बाकावर बसवता. मग ही टीम पेठेची कशी? झालं! पोरांच्या खोलीवर मध्यरात्रीपर्यंत वाद. एक म्हणे, खरं बोलले काका. दुसरा म्हणे, खरं असेल, पण मंडळात येऊन बोलायचं, रेडिओवर कशाला? समोरच्या पेठेला आयतं कोलीत. तिसरा म्हणे, जिंकतोय ना आपण, मग कोण खेळतं त्याच्याशी काय करायचंय?

"नाना, तुम्ही इतिहास शिकवायचे. तुम्ही सांगा, आपल्या टीमला आपणच असं चारचौघांत बोलावं का?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. मास्तर माणसाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो. पण खरंच दोन दिवस डोक्यातून जाईना. आणि मग वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी आठवायला लागल्या. फुटबॉलच्या नाहीत, क्रिकेटच्या. पण प्रश्न अगदी हाच.

वाचकहो, आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण एकेकाळी मुंबईतलं सगळ्यात मोठं क्रिकेट धर्मावर खेळलं जायचं. 1892 पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा सामना सुरू झाला. 1907 साली त्यात हिंदूंची टीम आली, 1912 साली मुसलमानांची. झाली चौरंगी. 1937 साली उरलेल्यांची, म्हणजे ख्रिस्ती वगैरे मंडळींची 'रेस्ट' नावाची टीम आली आणि पंचरंगी झाली. हिंदूंची टीम निवडायची हिंदू जिमखान्यानं. जिमखान्याचे सभासद मूठभर, पण टीम आपली मानणारे लाखो. या लाखोंना निवडीत मत नव्हतं. टाळ्या वाजवायचा हक्क तेवढा होता.

या टीमचा पहिला मोठा गोलंदाज म्हणजे पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला माणूस. पुण्यात साहेबांच्या क्लबच्या मैदानावर नोकरीला होता, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. हिंदूंना जिंकायचं होतं म्हणून त्याला टीममध्ये घेतलं. पण चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. मैदानावर चेंडू हातातून हातात जायचा, कप मात्र जायचा नाही! 1911 साली हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली तेव्हा या बाळूनं 114 बळी घेतले. तरी कर्णधारपद काही मिळालं नाही. शिवराम, गणपत, विठ्ठल हे त्याचे भाऊही नावाजलेले खेळाडू. नियम तोच.

1920 साली ठिणगी पडली. बाळूला वगळलं, आणि नेमलेला कर्णधार पै आजारी पडल्यावर विठ्ठल-शिवराम यांना डावलून देवधरांना कर्णधार केलं. देवधर मोठे खेळाडू, त्यात वाद नाही. पण भावांनी टीममधून अंग काढून घेतलं आणि का काढलं ते जाहीर निवेदन काढून सांगितलं. बघा, घरातली गोष्ट चव्हाट्यावर! तेव्हाही लोक म्हणाले असतीलच, सामना तोंडावर असताना हे कशाला, पारशांना हसू होईल. पण टीमच्या चाहत्यांपैकीच पुष्कळांनी भावांची बाजू घेतली. जिमखान्याला नमावं लागलं. भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाला आणि पै मैदान सोडून आत गेले तेव्हा त्यानं टीमचं नेतृत्व केलं. 1923 साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदू जिंकले.

म्हणजे त्या निवेदनानं टीमची अब्रू गेली का? मला वाटतं, तिथूनच ती मिळायला लागली.

आता रेडिओकडे येतो. 1934 साली मुंबईच्या चौरंगीतल्या पारशी-मुसलमान सामन्याचं धावतं वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान या पारशी गृहस्थांनी रेडिओवरून केलं. आपल्या देशातली ती पहिली क्रिकेट कॉमेंट्री. हा माणूस दिवसभर एकटा बोलायचा, माईक दुसऱ्याला द्यायचा नाही. इंग्रजीत बोलायचा. पण त्या आवाजानं मैदानाच्या भिंती पाडल्या. जिमखान्याची पायरी ज्यानं आयुष्यात पाहिली नाही, त्यालाही आता टीम आपली वाटू लागली.

आमचं नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात. वडील सांगायचे, गावात एका वकिलांकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. पंचरंगीचे दिवस आले की त्यांच्या ओट्यावर पोरं आणि व्यापारी जमत. खरखर इतकी की दहा वाक्यांतलं एक ऐकू येई, आणि ते इंग्रजीत. वकीलसाहेब मराठीत सांगत. वडील म्हणायचे, "ते निम्मं पदरचंच सांगत असतील, पण आम्हाला काय, आम्ही मुंबईत होतो!"

1937 साली पंचरंगी नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर गेली, तेव्हा हिंदू जिमखान्यानं अंग काढून घेतलं. कारण काय? प्रेक्षकांसाठी जागा कमी मिळाल्या म्हणून! म्हणजे खुर्च्यांसाठी बहिष्कार घालता येतो हे सिद्ध झालं. तत्त्वासाठी घालता येतो का, हा प्रश्न तीन वर्षांनी आला.

धर्माच्या नावानं टीम करू नका, असं 'बॉम्बे क्रॉनिकल'चे क्रीडा संपादक जे. सी. मैत्रा सातत्यानं लिहीत होते. 1940 च्या डिसेंबरात जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटलं. वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, पुढारी तुरुंगात जात होते, युरोपात युद्ध पेटलं होतं. अशा वेळी सामने बंद ठेवावेत असं म्हणणाऱ्यांकडे आपला कल आहे, असं गांधीजींनी सांगितलं. आणि पुढे असंही, की कॉलेज-कॉलेजचे सामने समजतात, पण खेळात हिंदू, मुसलमान, पारशी अशा टीम कशाला, हे आपल्याला कधी कळलंच नाही.

मग जिमखान्यात आणि जिमखान्याबाहेर जो वाद पेटला! एक बाजू म्हणे, खरं आहे. दुसरी म्हणे, ज्यांनी कधी सामना पाहिला नाही त्यांनी का बोलावं? तिसरी म्हणे, मैदानात तर सगळे गुण्यागोविंदानं बसतात, मग बिघडलं कुठे? ऐकलेत ना? कोल्हापूरच्या खोलीवरची तीन पोरंच ही! शेवटी त्या वर्षी हिंदूंची टीम उतरली नाही. स्पर्धा झाली, मुसलमानांची टीम जिंकली.

माझे वडील तेव्हा वीस वर्षांचे. खादी घालायचे आणि हिंदूंच्या टीमवर जीव टाकायचे. दोन्ही खरं. गांधीजींचं म्हणणं वाचल्यावर त्यांनी वकिलांच्या ओट्यावर जाणं सोडलं. 1941 साली हिंदूंची टीम परत आली, जिंकलीही. वडील ओट्यावर गेले नाहीत. "पण मागच्या बोळात उभा राहून स्कोअर ऐकला," हे त्यांनी मला सांगितलं ते सत्तरी ओलांडल्यावर. सांगताना हसले नाहीत.

1942 साली स्पर्धा झालीच नाही. त्या 9 सप्टेंबरला आमच्या गावात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. शाळकरी पोरं. त्या वर्षी गावात स्कोअर कोण विचारणार?

1943 च्या अंतिम सामन्यात मात्र गंमत झाली. हिंदू विरुद्ध रेस्ट. हिंदूंच्या 5 बाद 581, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133 वर संपला. दुसऱ्या डावात विजय हजारे उभा राहिला. सांगलीचा ख्रिस्ती मराठी माणूस. त्यानं एकूण 387 पैकी एकट्यानं 309 केल्या. भाऊ विवेकबरोबर 300 धावांची भागीदारी, त्यात विवेकच्या 21! हिंदू एक डाव 61 धावांनी जिंकले. पण वडिलांनी ऐकलं होतं ते असं, की वकिलांच्या ओट्यावर हजारेच्या त्रिशतकाला आधी कोणी हललं नाही. मग एका म्हाताऱ्या कापूस व्यापाऱ्यानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. आपला कोण, मर्चंट की हजारे? टीम सांगते एक आणि मन सांगतं दुसरं. गांधीजी तीन वर्षांपूर्वी जे म्हणाले ते त्या ओट्याला तेव्हा थोडं कळलं असेल. 1945-46 च्या हंगामानंतर ही पंचरंगी कायमची बंद झाली.

टीका कशी नसावी, तेही सांगायला हवं. त्यात मी स्वतः आहे. 1971 साली वाडेकरांच्या टीमनं वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवलं. मी ट्रान्झिस्टर कानाला लावून होतो. 1974 साली लॉर्ड्सला आपला डाव 42 वर आटोपला, तिन्ही कसोट्या गेल्या. इंदूरला 71 च्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची मोठी बॅट उभारली होती, तिला लोकांनी काळं फासलं. वाडेकर त्यानंतर लवकरच खेळातून गेले. मी तेव्हा नवा मास्तर. चहाच्या टपरीवर वाडेकरांना काय काय बोललो, ते आज लिहवत नाही. घरी येऊन तेच परत बोलायला लागलो तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "71 साली गल्लीत पेढे तूच वाटले होते ना?"

मी गप्प झालो. ती टीका नव्हती, राग होता. टीकेत काहीतरी मागणं असतं: बाळूला न्याय द्या, धर्माच्या टीम मोडा, पेठेच्या पोरांना खेळवा. काळं फासण्यात काहीच मागणं नसतं.

परवा मी नातवाला फोन केला. आधी मला सोपं उत्तर द्यायचं होतं, की जो उद्या मॅचला येणार आहे त्याला बोलायचा हक्क आहे. त्या काकांना तो लागू पडतो, पळवणकर बंधूंनाही. पण गांधीजींना नाही! ते कधी सामना बघायला जाणारे नव्हते, आणि तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून उत्तर बदललं. म्हटलं, "कोण बोललं आणि कुठे बोललं हे नंतर बघा. आधी बघा, खरं बोललं का? खरं असेल तर मंडळात जाऊन विचारा. वडिलांच्या काळी रेडिओ नुसता ऐकता यायचा, उलट बोलता यायचं नाही. तुम्हाला बोलता येतं."

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "नाना, पण काका बोलले ते खरं निघालं, आणि पोरांना खेळवल्यावर आपण हरलो तर?"

मी म्हटलं, "तर हरा."

त्यावर तो हसला नाही. त्याला ते पटलेलं नाही, हे मला फोनवरही कळलं. त्यांच्या खोलीवर वाद अजून चालूच आहे म्हणे. चालू दे. वडील दोन वर्षं त्या बोळात उभे होते, याला निदान एक महिना तरी लागेल.