रांगेतली जागा

बुडालेल्या कंपनीची किंवा पतसंस्थेची मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, की धनकोंची रांग लागते. या रांगेत कोणी कुठे उभे राहायचे, हे कायद्याने वेळोवेळी बदलले आहे.

खानदेशाला बंद गिरण्या नव्या नाहीत. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल या सगळ्यांची धुराडी थंडावली. बंद कंपनीच्या मालमत्तेवर तारणधारक बँकेचा हात आधी पडे, कामगार मागे राही. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात कलम ५२९-अ आले आणि कामगारांची थकबाकी तारणधारकांच्या बरोबरीला बसली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही बरोबरी २४ महिन्यांच्या थकबाकीपुरती राखली. या दोघांच्याही पुढे तिने अवसायनाचा खर्च ठेवला.

खरा पेच इथून सुरू होतो. संस्थेचा पैसा पुष्कळदा कर्जदारांकडे नाहीतर संचालकांकडे अडकलेला असतो. तो दावे लावूनच परत आणावा लागतो आणि अवसायकाची पेटी तर रिकामी असते. अशा वेळी कोणी दाव्यासाठी पैसा घातला, तर वसुली झाल्यावर त्याचा हक्क कितवा?

दुसऱ्याच्या दाव्यात पैसा घालून वाटा मागणे हा इंग्लंडच्या जुन्या कायद्यात गुन्हा होता. तो नियम हिंदुस्थानला लागू नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्ये रामकुमार कुंडू खटल्यात दिला. करार वाजवी असेल तर चालेल, अडलेल्याला लुबाडणारा असेल तर नाही, ही त्यातली कसोटी आजही उपयोगी आहे. वकिलाला मात्र असा वाटा घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियाच्या कंपनी कायद्याचे कलम ५६४ तर सरळच सांगते, की ज्या धनकोंनी दाव्याच्या खर्चाची जोखीम उचलली, त्यांना न्यायालय वसुलीत इतरांपेक्षा झुकते माप देऊ शकते. आपल्याकडे इतके स्पष्ट कलम नाही. घातलेला पैसा अवसायनाचा खर्च म्हणून मान्य झाला तर तो आधी मिळेल, पण त्यावरचा नफा आपोआप खर्च ठरत नाही.

आता जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेकडे पाहू. २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक नेमला गेला. २०२० च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले. गरजू ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलाने घेऊन त्या बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीने वळत्या केल्या, हा तपासातला एक मुख्य आरोप. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. मला महत्त्वाचे वाटते ते त्यामागचे गणित.

समजा, संस्थेकडून ठेवीदारांना रुपयामागे २० पैसेच मिळणार आहेत. एखाद्या कर्जदाराने १० लाखांची पावती ३ लाखांना घेतली आणि १० लाखांचे कर्ज फेडले. मूळ ठेवीदाराला ३ लाख मिळाले, म्हणजे हिश्शापेक्षा थोडे जास्तच, म्हणून तोही गप्प बसतो. पण संस्थेची १० लाखांची वसुली गेली आणि त्या पावतीमागे तिचे देणे सुटले ते २ लाखांचे. उरलेले ८ लाख रांगेतल्या बाकीच्यांच्या खिशातून गेले. याउलट कोणी दाव्यासाठी ३ लाख घातले आणि ३० लाख वसूल झाले, तर त्याला ३ लाख आणि वर वाजवी मोबदला आधी देऊनही सर्वांच्या पदरात जास्त पडते.

दोघेही बाहेरून पैसा आणतात, दोघेही रांगेत पुढे जातात. पण एकाच्या पैशाने वाटायची रक्कम वाढते, दुसऱ्याच्या पैशाने ती घटते. अग्रक्रम द्यायचा तो पहिल्याला. तोही आधी परवानगी घेऊन, मोबदल्याची मर्यादा ठरवून आणि प्रत्येक ठेवीदाराला कळवून.

सहकार कायद्याने धनकोंमधला अग्रक्रम ठरवण्याचा अधिकार अवसायकाच्या हाती दिला आहे. जळगाव-धुळ्याकडे निवृत्तीचा पैसा पतसंस्थेत ठेवणारी घरे अनेक आहेत. या रांगेत कोणी आणि कशाच्या बळावर पुढची जागा घेतली, हे त्यांना उघडपणे वाचता आले पाहिजे.