मुल्ला नसरुद्दीनचा पत्ता

मुसलमानांना विनोदाचं वावडं असतं, असं बरेचदा कानावर येतं. अशा वेळी मी मुल्ला नसरुद्दीनचा पत्ता देतो : अकशहिर, तुर्कस्तान. तिथं त्याची कबर दाखवतात. दाराला भलंमोठं कुलूप, पण भिंतींचा पत्ता नाही, अशी तिची ख्याती!

मुल्ला एकदा फाटक्या कपड्यांत मेजवानीला गेला. कुणी विचारेना. भारी अंगरखा घालून आला, तर मानाची जागा मिळाली. मग तो अंगरख्यालाच घास भरवू लागला.

हा विनोद पुढे हत्यार झाला. जलील मम्मदगुलुजादे या अझरबैजानी लेखकानं १९०६ साली तिफ्लिसमध्ये मुल्लाच्याच नावानं व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं. दांभिक धर्मगुरू, मुलींना शाळेपासून दूर ठेवणारे बाप, सगळ्यांची त्यानं फिरकी घेतली. धमक्या आल्या, बंदी आली. तरी खंड पडत पडत ते १९३१पर्यंत निघालं. लिहिणारे आणि वाचणारे बहुतेक मुसलमानच होते.

२०२२ साली युनेस्कोनं सात देशांतली ही कथापरंपरा मानवतेचा वारसा म्हणून नोंदवली. मुल्ला श्रद्धेला कधीच हसला नाही. श्रद्धेचा अंगरखा घालून मानाची जागा अडवणाऱ्यांना मात्र त्यानं सोडलं नाही.